साठीच्या पुढचा रकाना

मोजणीचं काम कुणी हौसेनं मागून घेत नाही, ते गळ्यात पडतं. तिच्या गळ्यात ते बावीस वर्षांपूर्वी पडलं, नगररचना खात्यात लागली तेव्हा, आणि मग कुणी काढून घेतलं नाही. चौकात प्लास्टिकच्या स्टुलावर बसायचं, मांडीवर तक्ता, हातात बटणाचं यंत्र. माणूस रस्ता ओलांडून आला की अंगठा दाबायचा. पुरुष, बाया, मुलं आणि शेवटचा रकाना साठीच्या पुढच्यांचा. तिच्या आकड्यांवर या शहरात सतरा सिग्नल बसले होते आणि नऊ निघाले होते. तिचा अंगठा मात्र आता थंडीत वाकत नसे.

या खेपेचा चौक तिच्या घरासमोरचाच होता. नऊ महिन्यांपूर्वी तो रस्ता रुंद होऊन सहापदरी झाला. अलीकडे तिचं घर, पलीकडे बाग, मधे एकवीस मीटर डांबर. पायी जाणाऱ्यांसाठी सिग्नल होता, अठरा सेकंदांचा. आता त्या अठरा सेकंदांत गाड्या तुंबतात म्हणून तोही काढायचं चाललं होतं. साहेब वयानं तिच्याहून लहान, वागायला गोड. ते म्हणाले होते, "मॅडम, तरुण माणसं पुढच्या पुलावरून जातील. प्रश्न फक्त म्हाताऱ्यांचा. ते तिथं नसतीलच, तर सिग्नल कुणासाठी ठेवायचा? तीन दिवस बसा आणि तक्ता सही करून आणा." त्यांच्या खुर्चीमागे निरोगी शहर अभियानाचं पोस्टर होतं. त्यात एक पांढऱ्या केसांचं जोडपं दात दाखवत पळत होतं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांची पोस्टरं अशीच असतात, छान.

घरी ती आणि तिचे वडील, दोघंच. अण्णांनी पन्नास वर्षं शिवणकाम केलं. दुकान बंद केलं तरी टेप अजून गळ्यात असे. डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं होतं, आणि अण्णा रोज संध्याकाळी बागेत जात. निदान तसं सांगत तरी. ती सातला घरी आली की बातम्या तयार असत. बाकावर पोस्टमन भेटला होता. त्याच्या सुनेनं नोकरी सोडली. त्याचा दात पडला आणि तो त्यानं खिशात घालून आणला होता. पोस्टमन म्हणजे अण्णांचा चाळीस वर्षांचा दोस्त. बातम्या ऐकून ती हसे, पण रक्तातली साखर काही हसण्यासारखी नव्हती. दर महिन्याला वाढतच होती. चालून वाढते कशी? अण्णा चोरून गोड खातात, असा तिचा पक्का संशय. तिनं साखरेचा डबा कपाटात घालून कुलूप लावलं होतं. अण्णा बिनसाखरेचा चहा मुकाट्यानं पीत, हू का चू करत नसत.

पहिले दोन दिवस ती दहा ते पाच बसली, बागेच्या बाजूला, कुंपणाला पाठ लावून, आणि मग आकडे द्यायला ऑफिसात गेली. शेवटचा रकाना कोराच राहिला. दुसऱ्या दिवशी जेवताना ती वैतागून म्हणाली, "साहेबांना शून्य हवंय आणि शून्यच येतंय. उद्या शेवटचा दिवस, बारा ते सात, म्हणजे तुमची बागेची वेळही त्यात येईल. उद्याही कुणी आलं नाही, तर सिग्नल गेला."

अण्णांनी घास खाली ठेवला. "म्हणजे किती लागतात तुम्हाला?"

"किती म्हणजे? शून्य नको, बस. पण मी खोटं लिहिणार नाही हं."

"तुला कुणी सांगितलं लिहायला?" अण्णा म्हणाले आणि पुन्हा जेवू लागले.

तिसऱ्या दिवशी साडेपाचच्या सुमारास बागेच्या फाटकातून पोस्टमनकाका आले. तिला ओळखून त्यांनी हात केला, पण शेजारी न थांबता सरळ फुटपाथच्या कडेला जाऊन उभे राहिले. समोरच्या कडेला अण्णा होते, इस्त्रीचा सदरा घालून, काठी घेऊन.

त्यांनी काठी वर केली. काकांनी रुमाल हलवला.

"अण्णा इकडे कधी येतात रोज?" तिनं विचारलं.

"इकडे?" काका तिच्याकडे बघतच राहिले. "अगं, रस्ता मोठा झाल्यापासून तो आला नाही आणि मी गेलो नाही. साडेपाचला दोघं आपापल्या कडेला येतो. तो काठी करतो, मी रुमाल. झाली भेट. बाकीचं फोनवर."

ती काही बोलणार, तेवढ्यात हिरवा दिवा लागला आणि काका ओरडले, "अरे, हा उतरतोय कशाला?"

अण्णा रस्त्यावर उतरले होते. काठी, उजवा पाय, डावा पाय. तरुण मंडळी त्यांच्या दोन्ही बाजूंनी पुढे निघून गेली. दुसरा पदर संपेपर्यंत सिग्नलवरचे उतरते आकडे लाल झाले, गाड्यांनी कर्कश हॉर्न लावले, आणि अण्णा वळून मागे फिरले. कडेला पोचल्यावर खांबाला धरून उभे राहिले. तिला वाटलं, झालं, आता घरी जातील. पण पुढच्या दिव्याला ते पुन्हा उतरले. आणि पुन्हा फिरले.

"रोज असं करत नाही गं तो," काका म्हणाले. "आज काय भूत शिरलंय कोण जाणे!"

असं चार वेळा झालं. या खेपेला तरी पोचतील म्हणून ती बघत राही, आणि ते फिरल्यावर धावत जाऊन धरायला उठे, तर प्रत्येक वेळी मधे लाल दिवा आणि सहा पदरांवर गाड्याच गाड्या. बावीस वर्षं लोकांना रस्ता ओलांडताना मोजलं आणि आपलाच बाप पलीकडे अडकलेला तिला दिसला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. अंगठा बटणावर होता, पण दाबायचा कुठल्या रकान्यात? तक्त्यात आलेल्या माणसांना जागा होती, परत फिरलेल्यांना नव्हती. म्हातारे इथं नाहीत म्हणून रकाना कोरा नव्हता. ते सगळे कडेलाच थांबले होते, आणि कडेचं मोजायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला साहेबांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

ती घरी आली तेव्हा अण्णा गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसले होते. आज बागेची बातमी नव्हती.

"शून्यच राहिलं ना?" त्यांनी विचारलं.

ती दारातच थांबली. "तुम्ही त्यासाठी आला होतात?"

"म्हटलं, तुझ्या कागदावर एक तरी आकडा लागावा. खरा." ते पाण्याकडे बघत होते. "दुसऱ्या पदरापर्यंत जमतं गं. पुढे ते आकडे उतरायला लागले की पाय ऐकत नाहीत. तुझं काम काही झालं नाही माझ्याच्यानं."

"आणि नऊ महिने मला बागेच्या बातम्या सांगत होता?"

"बातम्या खऱ्याच होत्या. बाग तेवढी खोटी." मग हळूच म्हणाले, "तू डॉक्टरांचं नाव सांगून ओरडतेस. रस्ता ओलांडता येत नाही, हे मुलीला सांगायला लाज वाटते."

तिनं कपाट उघडलं, साखरेचा डबा काढून ओट्यावर ठेवला आणि तोंड धुवायला मोरीत गेली. बराच वेळ नळ चालू होता.

दुसऱ्या दिवशी तिनं साहेबांपुढे तक्ता ठेवला. शून्याच्या खाली पेनानं लिहिलं होतं: उतरून परत फिरले, चार वेळा. सही नव्हती.

"हा रकाना आपल्या नमुन्यात नाही, मॅडम."

"म्हणूनच हातानं लिहिलाय. अठरा सेकंद म्हाताऱ्यांना पुरत नाहीत."

"कॉम्प्युटर घेणार नाही हो."

"मग सहीही घेऊ नका."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. तेही थकलेलेच होते, त्यांच्यावरही कुणीतरी बसलेलं होतं. "बरं, अठरा सेकंद कमी पडतात म्हणता. मग किती हवेत? मला आकडा द्या. आकड्याशिवाय वर काही सरकत नाही, तुम्हाला मी सांगायला हवं का? पंधरा दिवस फाईल थांबवतो. त्यापुढे माझ्या हातात नाही."

अठरा हा आकडा कुठून आला, ते तिला चांगलं ठाऊक होतं. ऑफिसच्या व्हरांड्यात दोन नव्या पोरांना चालवून काढला होता. घड्याळ तिच्याच हातात होतं.

संध्याकाळी तिनं अण्णांच्या गळ्यातला टेप मागून घेतला आणि दाराबाहेरचा व्हरांडा मोजला. सात मीटर भरला. म्हणजे तीन खेपा केल्या की रस्ता. शेजारीण दार उघडून बघत राहिली.

"काय चाललंय?" अण्णांनी विचारलं.

"तुमचं माप घ्यायचंय. तीन खेपा चाला. उद्या काकांचं घेईन, मग बागेतल्या सगळ्यांचं."

अण्णांनी काठी घेतली, सदरा सारखा केला. तिनं घड्याळ सुरू केलं आणि ते निघाले, ओठ आवळून, काठी भराभर आपटत. पहिल्या खेपेतच त्यांना धाप लागली. भिंतीला हात टेकून ते म्हणाले, "थांब, थांब. पुन्हा करतो. याहून लवकर जमेल."

तिनं घड्याळ थांबवलं. "अण्णा, पोट आत ओढून माप देणारं गिऱ्हाईक आलं की तुम्ही काय सांगायचात?"

त्यांनी भिंतीवरचा हात काढला. "सांगायचो, साहेब, रोज उभे राहता तसे उभे राहा. नाहीतर सदरा अंगाला बसणार नाही."

"मग?"

अण्णा टोकाशी परत आले. श्वास खाली बसेपर्यंत थांबले. तिनं बटण दाबलं. काठी, उजवा पाय, डावा पाय. पहिल्या वळणावर त्यांनी कठड्याला हात लावला. दुसऱ्या खेपेला शेजारणीनं दारातल्या चपला बाजूला सरकवल्या. ती घड्याळाकडे बघत नव्हती, त्यांच्या पायांकडे बघत होती.

"अठरा झाले का गं?" अण्णांनी मान वर न करता विचारलं.

"ते कधीच झाले," ती म्हणाली. "तुम्ही या सावकाश."