बिनबोलाचा सिग्नल

देवसिंग रेडिओवर बोलला नाही त्याले आज विसावा दिवस.

मी विठ्ठलराव. पांढरकवड्याच्या एस.टी. डेपोत बत्तीस वर्षं वायरमन होतो. परीक्षा देऊन हॅम रेडिओचं, म्हणजे हौसेनं बिनतारी बोलाचं, लायसन काढलं अन् सेट घरीच बांधला. तोही ए.एम.चा, जुन्या रेडिओ स्टेशनसारखा. आजकालचे पोट्टे नव्या पद्धतीच्या सेटवर बोलतात. त्यात आवाज पिळून पाठवतात, तो कमी जागेत मावते अन् लांब जाते. ए.एम. दुप्पट जागा खाते म्हणून ते आमच्यावर हसतात. हसा म्हणा. ए.एम.वर माणूस समोर बसून बोलल्यासारखा वाटते, अन् मले तेच पाहिजे.

दीड वर्ष मी रोज सकाळी चाळीस मीटरच्या पट्ट्यावर हाका मारल्या, ए.एम.वर कोणी आहे काय म्हणून. कोणीच नव्हतं. बायको इंदू म्हणे, "भिंतीशी बोलता, त्यापेक्षा भाजी तरी आणा." मग एक दिवस घूं असा आवाज आला अन् त्याच्यामागून भरदार गळा: "मी देवसिंग. मले वाटलं, मीच एकटा येडा उरलो." त्याचा तांडा दिग्रसकडे. ट्रान्सफॉर्मर भंगारातला, म्हणून ते घूं. वर्षभरानं राजदीप आला, वणीच्या खाणीत कामाले आहे तो. तिघं झालो. तवापासून रोज साडेसहाले मी हजेरी घेतो.

अन् एक नियम केला, माह्याच दीडशहाणपणानं. कोणी कोणाचा फोन नंबर मागाचा नाही. देवसिंगनं एकदा मागितला, तर मी सुनावलं, "फोनवरच बोलाचं असन तर रेडिओ कायले बांधला?" तो हसला. तांड्याचं नावही मी कधी विचारलं नाही, अन् दिग्रसकडे तांडे काय एक-दोन आहेत? लायसनवर त्याचा पत्ता नागपूरचा, जुना. तिथं कोणी वळखत नाही.

पहिले दोन दिवस वाटलं, लाइन गेली असन. चौथ्या दिवसापासून जिवाले घोर लागला. आमच्या वयात माणूस गप बसला की नको ते मनात येते.

बाराव्या दिवशी भलतंच झालं. देवसिंगचं नाव पुकारलं, सिग्नलच्या मीटरचा काटा वर चढला, खरखर दबली, पण बोल काही नाही. ए.एम.मध्ये असं होते. बटन दाबलं की लहर निघते, तुम्ही बोला का नका बोलू. काही लोक सेट तपासाले असं करतात, अन् दुसऱ्याच्या जागेवर केलं की माह्यं डोकं फिरते. त्यात मी आधीच घोरात. म्हटलं, "कोण आहे बे? आम्ही इथं माणसाची वाट पाहून राह्यलो. नाव सांग, नाही तर उतर." बटन सोडलं तर काटा पडलेला. तेराव्या दिवशी पुन्हा तेच. चौदाव्या दिवशी मी जे बोललो ते इथं सांगण्यासारखं नाही. त्यानंतर कोणी आलं नाही.

आज सकाळी हजेरी झाली. राजदीप म्हणाला, "काका, रविवारी सुट्टी आहे, मी दिग्रसकडचे तांडे पालथे घालतो." रविवारले चार दिवस बाकी. मी डोकं धरून बसलो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून इंदू म्हणाली, "देवसिंगभाऊ गेल्या हप्त्यात तर येत होते. आता काहून येत नाही?"

"कुठं येत होता?"

"अवो, ते घूं येत होतं ना. तुम्ही शिव्या देत होते त्याइले. मले वाटलं, भांडण झालं."

म्हणजे ते घूं देवसिंगचंच. बटन दाबता येते पण बोलता येत नाही, असा माणूस कोणत्या हालात असन? अन् त्याले मी उतर म्हटलं होतं. रागात कान बंद होतात माह्ये, जन्माची खोड आहे.

बटन दाबलं. "देवसिंग, चुकलो मी. ऐकत असशीन तर बटन दाब. कोणी काही बोलणार नाही."

नुसती खरखर. पुन्हा म्हटलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. चहावर साय धरली. इंदू हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

काटा चढला. घूं.

"देवसिंगच असशीन तर सोडून पुन्हा दाब."

काटा पडला, चढला.

मग मी माह्याच हातानं माह्या नियमाची माती केली. फोन नंबर एकेक आकडा करून दोनदा सांगितला, साऱ्या दुनियेसमोर. "घरचं कोणी असन तर फोन करा."

फोन लगेच आला. "भाऊ, मी बसंती, देवसिंगची बायको. ह्यांना लकवा मारला. जीभ वळत नाही. यवतमाळच्या दवाखान्यातून आणलं तं पहिले रेडिओजवळ बसवा म्हणून खुणा. डॉक्टर म्हणते, बोलत राहा. पण घरात तोंड उघडत नाही, लाज वाटते. रेडिओवर उघडत होते. एक शब्द जुळवाले लय वेळ लागते, भाऊ. तवर तुमी उतर म्हणले. तवापासून बटनाले हात लावला नाही. हजेरी घेणाराचं ऐका लागते, असं ते आधीपासून म्हणत. पण साडेसहाले ऐकाले बसतात रोज."

"वहिनी, मग माइकवर तुम्हीच सांगाचं ना."

"मले लायसन कुठं आहे? ते हात लावू देत नाही."

"उद्या साडेसहाले बसवा त्याले," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी साडेसहाले राजदीपची हजेरी घेतली. मग म्हटलं, "देवसिंग." काटा चढला. मी आवाज पूर्ण वाढवला अन् दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. घूंच्या खाली काहीतरी हललं, नुसता श्वास असन. काटा पडला.

रेडिओवर पुन्हा विचाराले लाज नसते. हवा खराब असली की आम्ही एकमेकाले दहादा विचारतो.

"नीट पोचलं नाही, देवसिंग," मी म्हटलं. "पुन्हा सांग."

त्यानं पुन्हा सांगितलं. मी पुन्हा विचारलं. इंदूनं कुकरखालचा गॅस बंद केला. सातव्या खेपेले 'हजर'मधला 'ह' आला, अन् मी वहीत त्याची हजेरी लावली.