रविवारची पाळी
गोदामात ती तासावर कामाला लागली, तेव्हा सुपरवायझर म्हणाला होता, "तीन महिने झाले की दर वाढेल." दर वाढला की रविवारची पाळी सोडायची आणि अंथरुणाला खिळलेल्या आईजवळ बसायचं, असं तिने ठरवलं होतं. तीन महिने उलटले, पण पगार तेवढाच आला.

"विचार की गं त्यांना," आई म्हणायची.

"नवीन आहे मी. लगेच तोंड उघडलं तर डोळ्यावर येईन."

ती रविवारीही खोकी उचलायला जात राहिली. अशाच एका रविवारी, ती कामावर असताना आई गेली. जवळ फक्त शेजारच्या काकू होत्या.

कामावर परतल्यावर तिने विचारलंच. सुपरवायझरने कॉम्प्युटरवर पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "माझ्याकडूनच राहून गेलं. आधी बोलायचं ना, ताई! दोन मिनिटांचं काम. मागचा सगळा फरक मिळेल."

फरक मिळाला. तिने रविवारची पाळी सोडली, आणि पहिल्याच रविवारी काकूंकडे जाऊन बसली.

"आई शेवटी काही बोलली का हो?"

काकू जरा घुटमळल्या. "जिन्यात कुणाचं पाऊल वाजलं की म्हणायची, आली वाटतं."