जागा आहे

“उद्या त्या पसाऱ्यात पडल्या-बिडल्या, तर आपल्याला वास आल्यावरच कळेल,” आई म्हणाली.

“पसारा कोणाचा आहे पण?” भिंगऱ्याने ताट पुढे ढकललं.

“आवाज खाली.”

“कोणाचा आहे ते सांग ना!”

“ज्याच्या घरात आहे त्याचा. एकदा दिलेली वस्तू आपली राहत नाही. एवढं तरी शिकला असतास, शाळा सोडायच्या आधी.”

बाबा ताटाच्या कडेला राहिलेली शितं बोटाने गोळा करत होते. त्यांच्या घरात ताटात काही टाकायचं नाही, असा नियम होता. चालू होतं ते त्यांच्या सख्ख्या मोठ्या बहिणीबद्दल, आणि हे शितं वेचतायत.

“बाबा, बोला की काहीतरी.”

“बघू,” बाबा म्हणाले.

बाबांचा अख्खा संसार या एका शब्दावर चालला होता.

आत्या खाली राहायची, जिन्याशेजारच्या खोलीत. जन्मभर तिने हॉस्पिटलच्या धुलाईत चादरी धुतल्या, वाळवल्या, घड्या घातल्या. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा बाबांनी आपल्या नावावरची ती खोली तिला राहायला दिली. ताई, आता ही तुझीच, असं म्हणाले होते. तेव्हा आई कमी सामानाच्या नादाला लागायची होती. आता गावाबाहेरच्या वृद्धनिवासात एक पलंग रिकामा झाला होता, आणि तिथे येताना एकच पिशवी आणायची परवानगी होती. आईला तो नियम फार आवडला होता.

“एका पिशवीत मावेल तेवढंच आयुष्य,” ती दोनदा म्हणाली. “लोक तपश्चर्या करतात यासाठी.”

“मग तू जा ना.”

थप्पड बसली नाही. आई हात उचलत नसे. ती फक्त बघायची, एखाद्या वस्तूकडे बघावं तसं. ही गरज आहे की हाव? वर्षभरात वापरली का? त्या नजरेपुढे या घरातल्या कितीतरी गोष्टी टिकल्या नव्हत्या. एक आत आलं की एक बाहेर गेलं पाहिजे. धाकट्या बहिणीला, चिमणीला, नवे बूट आले तेव्हा तिचा कापडी ससा गेला. भिंगऱ्याने शाळेला रामराम ठोकला, त्याच संध्याकाळी त्याचं दप्तर गेलं. त्याला वाटलं होतं आई रडेल. ती म्हणाली, “वापरणार नाहीस ना? मग दे.”

घरात चार ताटं होती. माणसं चार, ताटं चार. त्यामुळे आत्या वर जेवायला येत नसे. आली तर कोणीतरी एक थांबायचं, मग ताट धुवायचं, मग तिला वाढायचं. तिने ते एकदाच अनुभवलं आणि मग तिचे गुडघे कायमचे दुखायला लागले.

आणि बाकीची ताटं? ती खालीच होती की. फेकायचं नाही, द्यायचं, असंही एक सूत्र होतं, आणि द्यायला आत्यासारखी सोय नव्हती. ताटं, कपाट, गाद्या, मिक्सर, जास्तीच्या खुर्च्या, ससा, दप्तर, सगळं त्या जिन्याने खाली गेलं. नेणारा हमाल एकच, भिंगऱ्या. आता तर तो कामच ते करायचा, लोकांची घरं एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवायची.

“खोली रिकामी झाली तर?” तो म्हणाला.

“काय?”

“तुझं म्हणणं पसारा आहे म्हणून पाठवायचं. मी सगळा बाहेर काढतो. मग?”

आईने ताटं एकात एक ठेवली. “पसारा नसेल तर मला काय हौस आहे त्यांना पाठवायची?”

“बाबा, ऐकलंत ना? हे ऐकलंत ना तुम्ही?”

“ऐकलं रे,” बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून सुटल्यावर तो तसाच आत्याकडे शिरला. शिरला म्हणजे आडवा होऊन. दार अर्धंच उघडायचं, मागे कपाट होतं. कपाटावर खुर्च्या, खुर्च्यांवर गाद्या. मधून एक बोळ गेला होता, आणि बोळाच्या शेवटी खिडकीखाली आत्या आपल्या बुटक्या लाकडी स्टुलावर बसली होती. धुलाईत घड्या घालायला ती त्याच स्टुलावर बसायची. काम सुटलं तेव्हा लोकांनी फुलं दिली, हिने स्टूल मागून घेतलं.

“या! आले कुबेर,” ती म्हणाली. “आज काय दान?”

“आज काही नाही. हात रिकामे.”

“अरे देवा. आजारी आहे का तुझी आई?”

तो हसला नाही. खुर्चीच्या पायावर आपटलेलं कोपर चोळत त्याने सगळं सांगून टाकलं. पलंग, पिशवी, आणि उद्या रविवारी सकाळी तो काय करणार होता ते. आईची रविवारची मंडळी यायच्या आत सगळं अंगणात, आणि जे उरेल त्यासाठी मालकाचा टेम्पो. भंगारात घालायचं, विषय संपला.

आत्या उशीचा अभ्रा घडी करत होती. चौकोनी, मग परत चौकोनी, मग मुठीएवढा. तिच्या हातात कापड असं लहान होत जायचं की उलगडल्यावर खोटं वाटावं.

“राहू दे रे, भिंगऱ्या,” ती म्हणाली. “मला सवय झालीय. खेकड्यासारखं चालायचं, एवढंच.”

“सवय कसली? श्वास घ्यायला जागा नाही इथे.”

“नाही ना? म्हणूनच. भरलेल्या खोलीवर कोणाचा डोळा नसतो.”

“गप गं. तुला काय कळतं यातलं?”

“बरं बाई, नाही कळत.” तिने अभ्रा मांडीवर ठेवला. “तुला भूक लागलीय. भूक लागली की तू असाच भुंकतोस.”

“इतक्या वर्षांत एकदा तरी नको म्हणायचंस ना! प्रत्येक वेळी तुझं तेच. असू दे, जागा आहे. असू दे, जागा आहे. कुठे होती जागा?”

आत्याने त्याच्याकडे पाहिलं. काहीतरी ओठांवर आलं आणि तिने त्याचीही घडी घातली.

“तू घेऊन यायचास,” ती म्हणाली. “तुला परत पाठवू का जिन्यावरून ओझं घेऊन?”

रविवारी उजाडताच त्याने दाराच्या बिजागऱ्या काढल्या, दार भिंतीला टेकवलं आणि सुरुवात केली. कुठल्या ढिगाला आधी हात घालायचा, कुठली गोष्ट काढली की बाकी कोसळणार नाही, हे त्याला कामामुळे पाठ होतं. शिवाय प्रत्येक वस्तू त्याच्या खांद्याने ओळखली. हे कपाट आईला मोकळ्या भिंती हव्या होत्या तेव्हाचं. या खुर्च्या जमिनीवर बसणं चांगलं असतं तेव्हाच्या. मिक्सर वीज वाचवायची होती तेव्हाचा. सशाचा एक कान कपाटाच्या पायाखाली चेपला होता.

आत्या स्टूल घेऊन पायरीवर जाऊन बसली आणि हमालांना सांगावं तसं सांगत राहिली, “सांभाळून रे, गुडघ्यात वाक, कमरेत नको.”

आईची मंडळी आली तेव्हा अंगण भरून गेलं होतं. ही मंडळी दर रविवारी यायची. आई त्यांना चार ताटं दाखवायची, रिकाम्या भिंती दाखवायची, आणि मंडळी सुस्कारे टाकायची. आज ती अंगणातच अडकली.

“अय्या, हे कपाट कोणी टाकलं? चांगलं आहे की!”

“मिक्सर चालू आहे का हो?”

“मला एकच खुर्ची हवीय. म्हणजे गरज आहे. दोन असतील तर दोन.”

पापणी लवायच्या आत झुंबड उडाली. कमी वस्तूंत जगायला शिकायला आलेली माणसं दोन्ही हातांनी वस्तू उचलत होती. एका टकल्या गृहस्थाने ताटांचा गठ्ठा छातीशी धरला होता, लेकरू धरावं तसा. आई जिन्यात उभी राहून कौतुकाने बघत होती.

“बघा,” ती म्हणाली, “काही म्हणून वाया गेलं नाही.”

एका बाईने पायरीवरून स्टूल उचललं. आत्या हात धुवायला उठली होती तेवढ्यात.

“ते ठेवा,” भिंगऱ्या ओरडला.

“अरे, पण हे बाहेर—”

“ठेवा म्हणतो ना! ते तिचं आहे.”

“असू दे रे,” मागून आत्या म्हणाली. पण त्याने स्टूल हिसकावून आत नेलं आणि खिडकीखाली, होतं तिथेच ठेवलं. मग तो वळला आणि जागीच थांबला.

खोली मोठी होती. खिडकीतून ऊन थेट दारापर्यंत आलं होतं. कोपऱ्यात आत्याचं अंथरूण, खुंटीला तिचे दोन जोड कपडे, एक पातेलं, एक ताट, एक भांडं, औषधांचा डबा. बस. त्यांच्या घरातून आलेलं सगळं गेल्यावर उरलं ते एवढंच. वरच्या घरात, आईच्या त्या नावाजलेल्या घरातसुद्धा याच्या दसपट सामान असेल.

त्याला एकदम हसू फुटलं. घामेजलेल्या हाताने त्याने दाराची चौकट थोपटली.

“आई! ये. ये, बघ.”

आई आली. मागून मंडळी आली, हातातल्या खुर्च्या, ताटं, गाद्या सांभाळत. कोणीतरी म्हणालं, “किती शांत आहे इथे!” कोणीतरी चप्पल काढली. एक बाई भिंतीला हात लावून म्हणाली की रविवारी वरती दाटी होते, इथे किती छान बसता येईल सगळ्यांना.

आई खोलीच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि हळूहळू चारी बाजूंना वळली. ती नजर भिंगऱ्याने ओळखली.

“ताई,” आई म्हणाली, “तुमचं सामान एवढंच? हे तर एका पिशवीत मावेल.”

“आई, तू म्हणाली होतीस.”

“काय म्हणाले होते?”

“रिकामी झाली तर पाठवणार नाही म्हणून!”

“मला हौस नाही, म्हणाले होते. अजूनही नाही. पण इतकी जागा एकट्या माणसाला म्हणजे… तूच सांग, ही गरज की हाव?”

मंडळींतल्या काहींनी मान हलवली.

“खोली दिलीय ना तिला?” त्याचा आवाज फाटला. “दिलेली वस्तू आपली राहत नाही. तूच म्हणतेस. मग ही आपली कुठे आहे?”

“खोली म्हणजे वस्तू नाही, राजा.”

“बाबा!”

बाबा दाराबाहेर होते. बिजागऱ्यांचे स्क्रू जमिनीवर सांडले होते, ते एकेक करून वेचत होते.

“ताईलाच विचारा ना,” ते खाली बघत म्हणाले. “तिला काय वाटतं ते.”

सगळे आत्याकडे वळले. ओले हात कुठे पुसावेत ते तिला कळत नव्हतं. टॉवेल होता तो कोणीतरी नेला होता. तिने आधी भावाकडे पाहिलं. तो स्क्रू वेचतच राहिला. मग तिने भिंगऱ्याकडे पाहिलं, आणि त्याला कालचं ते आठवलं, तिने ओठांवरून परत आत घडी घालून ठेवलेलं. त्याने मान खाली घातली.

“तिथे जागा आहे ना?” आत्याने विचारलं.

“आहे ना. पलंग धरून ठेवलाय.”

“मग असू दे.”

फाटकाशी टेम्पोने हॉर्न दिला. भंगारासाठी बोलावलेला टेम्पो, आणि भंगारात द्यायला आता काही उरलं नव्हतं.

“बरंच झालं,” आई म्हणाली. “आलाच आहे तर रिकामा कशाला परत पाठवायचा? उगाच डिझेल वाया.”

आत्याने स्वतःच भरलं. अंथरूण, कपडे, औषधांचा डबा, पातेल्यात ताट, ताटावर भांडं. तिच्या हाताखाली सगळं लहान लहान होत गेलं आणि पिशवीत बसलं, वर बंद बांधायलाही जागा राहिली. मंडळी थक्क होऊन बघत होती. एकीने तर फोटो काढला. फक्त स्टूल मावेना. आत्याने ते एकदा आडवं घालून पाहिलं, एकदा उलटं, आणि मग परत खिडकीखाली ठेवलं.

“राहू दे ते,” आई म्हणाली. “लोकांना बसायला होईल.”

भिंगऱ्याने पिशवी उचलली. नेणारा हमाल तोच. चिमणी जिन्यात उभी होती, कान चेपलेला ससा पोटाशी लपवून. आत्याने तिच्या गालावर हात फिरवला आणि पावलाने चाचपत पायऱ्या उतरली. ड्रायव्हरने तिला पुढे बसवलं. तिने गुडघे सावरले, आणि भिंगऱ्यासाठी एका बाजूला सरकून घेतलं.

“ये, बस. दोघांपुरती आहे,” ती म्हणाली. “आणि तोंड असं करू नकोस. रविवारी येशील ना तिकडे? रिकाम्या हाताने आलास तरी चालेल.”

तो पिशवी मागे टाकून वळला तर ती मघाची बाई, स्टूलवाली, धावत आली होती. दम लागला होता तिला.

“अरे ऐक, तूच रिकामी केलीस ना ती खोली? एका सकाळीत? तुझा नंबर दे ना. आमच्याकडे येशील का? माझ्या सासूबाईंची खोली आहे रे, इतकी भरून ठेवलीय, इतकी भरून ठेवलीय की—”

“मला आता निघायचंय,” भिंगऱ्या म्हणाला.