बिब्याच्या खुणा

अनुसयाबाई दारात दिसल्या आणि शामकला हातातलं काम टाकून उठली. चार वर्षांत वकिलाच्या या विधवेनं गोंदियाजवळच्या मुर्रीतल्या त्यांच्या घराकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आणि शामकलेचा बाप, बिसराम वरठी, जाऊन आज अकराच दिवस झाले होते.

"बिसराम गेला, वाईट झालं," उंबऱ्याबाहेरूनच त्या म्हणाल्या. "पण आमच्या सोन्याच्या गुंड्या तेवढ्या काढ. दुकान मांडल्यासारखी पेटी मांडलीस म्हणे."

कोणी सांगितलं हे विचारायची गरज नव्हती. काल भेटायला आलेल्या बायांनी पेटी डोळे भरून पाहिली होती.

बिसराम तीस वर्षं गोंदियाच्या रेल्वे बंगल्यांचे आणि वकिलांचे कपडे धूत आला. सदऱ्याच्या बाहीत विसरलेले कफलिंक तो काढून ठेवी आणि इस्त्रीच्या कपड्यांबरोबर परत करी. पण सत्तेचाळीस साली साहेब लोक घाईघाईनं निघून गेले, नंतर कोणाची बदली झाली, कोणी वारलं, आणि त्याच्याजवळ तेवीस जोड उरले. बिस्किटाच्या डब्यात, चिंध्यांत बांधलेल्या तेवीस मळकट पुरचुंड्या. शाळेत मास्तरीण असलेल्या शामकलेला त्या बघवेनात. बापासाठी एवढं तरी नीटनेटकं करावं म्हणून तिनं खडूंच्या लाकडी पेटीत पुठ्ठ्याचे कप्पे केले, निळा कागद लावला, जोड घासूनपुसून मांडले. वर सोन्याचे, मग चांदीचे, शिंपल्याचे, खाली काचेचे. चिंध्या चुलीत घातल्या.

त्याच संध्याकाळी रुख्मानं, तिच्या आईनं, रिकामा डबा पाहिला. "चिंध्या कुठी गेल्या व?"

प्रत्येक चिंधीवर बिब्याच्या काळ्या रसाची खूण होती. दोन रेघा आणि ठिपका म्हणजे गार्डसाहेब, उलटा विळा म्हणजे स्टेशनमास्तर. बिसरामला अक्षर येत नव्हतं, तेवढंच त्याचं लिहिणं. शामकलेनं कपाटभर पुस्तकं वाचली होती. ते कधी वाचलं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी वकीलसाहेब गेले त्या आठवड्यात त्यांचे कफलिंक धुण्यात आले होते. तेराव्याला बिसराम ते घेऊन गेला, पण त्यानं तोंड उघडायच्या आत अनुसयाबाईंनी भर मांडवात त्याला चोर म्हटलं. तो तसाच परतला. "आता देलं तं चोरीच कबूल केली म्हणतीन," एवढंच बोलला. त्या वर्षी अर्ध्या घरांनी त्याच्याकडे कपडे देणं बंद केलं.

शामकलेनं पेटी त्यांच्यासमोर उघडली. सोन्याचे जोड तीन होते.

"तुमचा कोणता, बाई?"

"मला कशाला विचारतेस? ठेवले कोणी?" बाईंची नजर तिन्हींवरून फिरली आणि लाल खड्याच्या वजनदार जोडावर थांबली. त्यांनी तो उचलला. "हाच."

"तो नाही, बाईसाहेब," रुख्मा मागून म्हणाली. "वकीलसाहेबाच्या सदऱ्याचं काज बारीक. एवढी जाड दांडी त्याच्यात जातच नाही."

"माझ्या नवऱ्याच्या वस्तू तू मला शिकवतेस?"

"पंचवीस साल त्याईच्या बाह्याइले इस्त्री केली, बाईसाहेब."

"मग या दोनांतला कोणता? बोल."

रुख्मानं दोन्ही जोड उचलून पाहिले. दोन्ही दांड्या सारख्याच बारीक होत्या.

अनुसयाबाईंनी आवाज खाली आणला. "हे बघ पोरी. अक्षयतृतीयेला माझ्या लेकाचं लग्न आहे. हा जोड दे. बिसरामनं जिवापाड जपून ठेवला होता म्हणून मी मांडवात सगळ्यांसमोर सांगते. झालं गेलं संपलं."

शामकलेच्या डोळ्यांपुढे ते उभं राहिलं. मांडव, जमलेली माणसं, आणि त्याच तोंडातून निघालेलं बापाचं नाव. लाल खड्यांचा धनी कोण जाणे कुठल्या देशात असेल, तो काही विचारायला येणार नव्हता. उद्यापासून विहिरीवर आईला कोणी टोमणा मारणार नव्हतं.

तिनं हात पुढे केला. "तो परत पेटीत ठेवा, बाई. चिंध्या मी जाळल्या, चूक माझी. तुमचा जोड या पेटीत आहे, पण हा नव्हे. दुसऱ्याचा मला देता येत नाही."

"मग चोर तो चोरच म्हणायचा!"

"म्हणा."

जोड पेटीत आदळला. बाई गल्लीत उतरल्या आणि साऱ्या मुर्रीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलतच रिक्षात बसल्या.

"हो म्हटलं असतं तं तुह्या बापाचं नाव सुटलं असतं," रुख्मा म्हणाली.

"आणि त्यासाठी दुसऱ्या कोणाचं देऊ, माय?"

रुख्मा खाली बसली, पेटी मांडीवर घेतली आणि एकेक जोड उजेडात धरून दांडी चाचपू लागली.

"कागद घे," ती म्हणाली. "हे गार्डसाहेबाचं. दांडी खरबरीत, त्याचं काज नेहमी फाटे. लिव."

शामकला लिहू लागली. बाहेर बाया जमू लागल्या होत्या.