धुक्यात किती जण

दीपमालानं फाटकाची कडी हातात धरून ठेवली आणि वडलांना विचारलं,

"आप्पा, कुठं निघालात?"

सांडूआप्पा काठी टेकून थांबले. बाहेर पौषातलं धुकं उतरलं होतं. समोरची घरं नाहीशी झाली होती आणि चिकलठाण्याच्या विमानतळाचे दिवे कापसात गुंडाळून ठेवल्यासारखे मिणमिणत होते. अशा सकाळी आपण जागे आहोत की अजून अंथरुणातच, हे माणसाला नीट कळत नाही.

"देवळाकडं. रोज जातो, तरी रोज इच्यारती."

तिच्यामागं धाकटा भाऊ इंद्रजीत उभा होता. त्याच्या खिशात नवं कुलूप होतं. गेल्या महिन्यात आप्पा हर्सूलच्या नाक्यावर सापडले होते, गावाकडच्या, फुलंब्रीच्या रस्त्याला लागलेले. बैलांना पाणी दावायचंय म्हणत होते. बैल विकून बारा वर्षं झाली होती. दुधानं तोंड भाजलेला ताकही फुंकून पितो; तेव्हापासून इंद्रजीतचं एकच पालुपद होतं, फाटकाला कुलूप लावायचं.

दीपमालानं त्याच्याकडून आठ दिवस मागून घेतले. रोज सकाळी डोक्यावरून शाल घेऊन ती आप्पांच्या शंभर पावलं मागून चालायची. आप्पा रस्ता चुकले नाहीत, एकदाही मागं वळले नाहीत. पण उद्यापासून विमानतळाच्या टॉवरमध्ये तिची सकाळची पाळी होती. आज आप्पांनी धड उत्तरं दिली तर फाटक उघडं राहणार, नाहीतर कुलूप, असं बहीणभावात ठरलं होतं. बापाला कोंडायचं या विचारानं तिला रात्रभर झोप नव्हती.

"मानूस डोळ्यापुढं हाय, तरी इच्यारायचं," आप्पा म्हणाले. "ह्ये कुठलं शास्तर?"

"आमच्या टॉवरमधलं. विमान काचेतून समोर दिसत असतं. तरी आम्ही वैमानिकाला विचारतो, माणसं किती, इंधन किती तास पुरेल. एकदा ढगात गेलं की दिसत नाही ना, आप्पा. काही झालंच तर किती जणांना शोधायचं, कधीपर्यंत वाट बघायची, एवढंच आमच्या हाती राहतं."

आप्पांना ते पटलं असावं.

"बरं. इच्यार."

"परत कधी याल?"

"आठाच्या आत."

"किती जण?"

आप्पांनी धुक्याकडं पाहिलं.

"दोघं."

इंद्रजीतनं कुलूप बाहेर काढलं. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. पण उत्तर जुळलं नाही की आवाज न चढवता पुन्हा विचारायचं, ही दीपमालाची टॉवरमधली रोजची सवय.

"दोघं? दुसरं कोण, आप्पा?"

"तू. दुसरं कोन आसनार? आठ दिवस झाले, चोरावानी मागं मागं येती. म्या म्हनलं, येऊ दे, लेकराचा जीव ऱ्हात नसंल. म्हनून जरा हळूच चालतो."

दीपमालाला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. तिनं शालीनं ते पुसले.

"आणि उद्या किती जण?"

"उद्या येकच. तुझी सकाळची डूटी हाय ना."

इंद्रजीत हातातल्या कुलपाकडं बघत राहिला. मग त्यानं घसा खाकरला.

"उद्या मी विचारीन, आप्पा. चालेल?"

"इच्यार की. कुनी इच्यारून ठिवलं म्हंजी वापस यावंच लागतं मानसाला."

आप्पांनी काठी उचलली. आज दीपमाला त्यांच्या बरोबरीनं चालू लागली. कोपऱ्यापर्यंत दोघं दिसले, पुढं नुसतं धुकं होतं. आत चहा निवत होता, तरी इंद्रजीत फाटकातच थांबला, आठ वाजायची वाट बघत.