पिंगळ्याचा थांबा

मित्रांनो, हरभऱ्याच्या रानात एका पायावर उभा असलेला मी एक जुना पक्षीथांबा आहे. एक उभं लाकूड आणि त्याच्या टोकाला एक आडवी काठी, एवढाच माझा देह. येडशीच्या बाजूनं एसटीतून जाताना मी तुम्हाला दिसलोही असेन. मोडलेल्या कुंपणाचा खांब समजून तुम्ही नजर फिरवली असेल, तर त्याचा मला राग नाही.

जन्मानं मी थांबा नव्हे. मी बाभळीचं लाकूड. या रानाचे मालक बाबू, त्यांच्या वडिलांनी मला तासून घेतलं आणि मी तिफणीची दांडी झालो. बैलांच्या मागोमाग मी कितीतरी पेरण्या पाहिल्या. मग ट्रॅक्टरनं पेरणी होऊ लागली आणि मला गोठ्यात कोपऱ्याला टेकवून ठेवलं. तिथं कोळ्यांनी माझ्यावर जाळी विणली. माझी कुणाला आठवणही नव्हती.

एका वर्षी हरभऱ्यावर घाटेअळी फार पडली. शेतात ठिकठिकाणी पक्ष्यांना बसायला जागा करा, पक्षी अळ्या टिपतात, असं कृषी सहायकांनी बाबूंना सांगितलं. बाबूंनी मला करवतीनं कापलं, वर बोरीची काठी आडवी ठोकली आणि पीक फुलावर येण्याआधी रानात रोवलं. त्यांची बायको मथुराबाई बांधावर बसून पाहत होती. ती म्हणाली, "जन्मभर बैलांच्या मागं पळालं. आता म्हातारपणी पाखरं अंगाखांद्यावर खेळवा म्हणावं."

आणि खरंच पाखरं आली. आधी दुभंगलेल्या शेपटीचा कोतवाल आला. थंडी वाढली तसा नीळकंठ येऊ लागला. बसलेला असताना तो मातकट दिसतो, पण पंख उघडले की निळा उजेड पडल्यासारखा वाटतो. मग मूठभर अंगाचा गप्पीदास आला. बाबूंची नात श्रावस्ती धाराशिवच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. ती आजोबांना सांगायची की उत्तरेकडच्या जंगलांत आणि माळांवर थंडी पडली की किडे मिळेनासे होतात, म्हणून हा जीव हिमालयाकडून, कधी त्याच्याही पलीकडून, आपल्या हरभऱ्यात येतो. ते ऐकून मला पहिल्यांदा वाटलं की मी नुसतं लाकूड नाही, कुणाच्या तरी लांबच्या प्रवासाचा मुक्काम आहे.

पण माझा सगळ्यात जवळचा पाहुणा दुरून आलेला नव्हता. बांधावरच्या जुन्या कडुलिंबाच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी राहायची. मित्रांनो, घुबडं पाहायला लोक रामलिंगच्या जंगलात शिरतात. पिंगळा हे लहानसं घुबड मात्र माणसाच्या शेजारीच राहतं. जुनं झाड शोधा, ढोलीच्या खाली पांढरे ओघळ दिसतात का पाहा, आणि ऊन कलताना थोडं लांबच थांबा. एक गोल डोकं बाहेर येईल आणि तुमच्याकडे बघून खालीवर डोलेल.

दिवे लागायच्या वेळी त्या जोडीतला एक माझ्यावर येऊन बसायचा. खाल्लेल्या जीवाचे केस आणि हाडं पिंगळ्याला पचत नाहीत. त्यांची गोळी करून तो ती तोंडातून टाकतो. श्रावस्ती माझ्या पायाशी पडलेल्या गोळ्या गोळा करून सुईनं उकलायची. कधी त्यांत भुंग्याचे चमकणारे पंख निघत, कधी उंदराचा इवलासा जबडा. तो जबडा तळहातावर घेऊन ती आजोबांना दाखवी, तेव्हा बाबू माझ्या पाठीवर हात ठेवत. तेच माझे चांगले दिवस.

बांधापलीकडे महालिंगप्पांची शाळू ज्वारी, आणि त्यांचं घरही शेतातच. एकदा ते बाबूंकडे आले आणि बराच वेळ पिकापाण्याचं बोलत राहिले. शेवटी त्यांनी मूळ गोष्ट काढली. पिंगळ्याचं ओरडणं घराला चांगलं नसतं, म्हातारी आई इरम्मा त्या आवाजानं रात्रभर जागी असते, तेव्हा तेवढा थांबा उपटावा, असं त्यांचं म्हणणं होतं. बाबूंचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, पण शेजार मोडायलाही ते तयार नव्हते. त्यांनी दोन्ही हातांनी मला धरलं. माती सैल झाली.

तेवढ्यात काठी टेकत इरम्माच बांधावर आली. काय चाललंय ते तिनं श्रावस्तीला कानाशी ओरडून सांगायला लावलं आणि मुलाकडे बघितलं.

"मला दारात ढोल वाजला तरी ऐकू येत न्हाय. पिंगळा कुठला ऐकू येतोय? भ्या तुला वाटतंय, अन् नाव माझं सांगतूस व्हय?"

बाबू हसले. महालिंगप्पाही ओशाळून हसले. बाबूंनी माझ्या बुडाशी माती घट्ट दाबली. त्या दिवसापासून सांज झाली की इरम्मा ओट्यावर बसून मुलाला चिडवायची, "बोलला का रं तुझा पिंगळा?" तेही वैतागल्यासारखं करून तिच्या कानाशी सांगायचे, "बोलला, अव्वा, बोलला."

हळूहळू महालिंगप्पांची भीती गेली. श्रावस्तीनं दाखवलेल्या जबड्यांचा त्यांच्यावर परिणाम झाला होता. पिंगळे आपल्याही ज्वारीची राखण करतात, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले. पण त्या साली उंदीर फारच झाले. कणसं खाली पडू लागली. तेव्हा त्यांनी बिळांत टाकायला औषधाच्या निळ्या वड्या आणल्या. टाकण्याआधी ते मुद्दाम बांधावर आले आणि श्रावस्तीला विचारलं, "पोरी, ह्यानं पाखरांना काही व्हणार न्हाय ना?"

तिनं वडी कागदात धरून नीट पाहिली आणि सांगितलं, "न्हाय, आप्पा. बिळात खोल टाका. पाखरं ही वडी खात न्हाईत."

ते खरंच होतं. पाखरं ती वडी खात नाहीत.

पुढे काही दिवसांनी मी उंदीर पाहिले. ते भर उन्हात बिळाबाहेर येत होते आणि दारू प्यायल्यासारखे चालत होते. हे औषध उंदराला लगेच मारत नाही. विष अंगात घेऊन तो काही दिवस हिंडतो. असा उंदीर पकडायला पिंगळ्याला कष्ट पडत नाहीत. त्या संध्याकाळी तो माझ्यावरून वारंवार खाली झेपावला आणि दर वेळी काहीतरी घेऊन परतला. मला पाय आहे तो एकच, आणि तोही मातीत पुरलेला. हात नाहीत, तोंड नाही. मी नुसता त्याचं वजन पेलत राहिलो.

मग तो एकदा पिसं फुगवून बसला, आणि अंधार पडला तरी उडाला नाही. सकाळी तो माझ्या पायाशी पडलेला होता. चोचीच्या कडेला रक्त होतं. शेजारी एक गोळी होती. श्रावस्तीनं ती तिथंच बसून उकलली. उंदराच्या केसांना निळसर झाक होती.

महालिंगप्पा आले, तेव्हा तिनं गोळी त्यांच्यापुढे धरली. "तुम्ही पाखरांचं विचारलं, आप्पा. म्या वडीचंच सांगितलं. उंदराला कोण खातं, ते मला ठाऊक होतं."

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "तू सांगितलं ते बरोबरच होतं की, पोरी. पाखरानं वडी खाल्लीच न्हाय."

ते तिची समजूत घालत होते. पण ते ऐकून ती जास्तच रडली.

दुपारी महालिंगप्पांनी उरलेल्या वड्या बिळांतून उकरून काढल्या. जोडीतला दुसरा पिंगळा काही संध्याकाळी कडुलिंबावरून ओरडत राहिला. मग तोही दिसेनासा झाला. तो कुठं गेला, की तोही कुठंतरी असाच पडला, हे मला माहीत नाही.

हरभरा निघाल्यावर मला उपटून गोठ्यात ठेवलं होतं. या हिवाळ्यात श्रावस्तीनंच मला पुन्हा रोवलं. कोतवाल आला, गप्पीदासही त्याच्या लांबच्या वाटेनं बिनचूक आला. ढोलीखालचे पांढरे ओघळ मात्र पावसानं धुऊन गेले, ते पुन्हा उमटले नाहीत. मित्रांनो, शेतात किंवा घरात औषध टाकण्याआधी ते कोण खाईल एवढंच विचारू नका. जो खाईल, त्याला कोण खाईल, हेही विचारा. त्या दुसऱ्या प्रश्नाला फार वेळ लागला नसता.

इरम्माला कुणी काही सांगितलेलं नाही. सांज झाली की ती अजून ओट्यावर बसते आणि विचारते, "बोलला का रं?" महालिंगप्पा माझ्याकडे बघतात. माझी आडवी काठी रिकामी असते. मग ते आईच्या कानाशी वाकतात आणि म्हणतात, "बोलला, अव्वा."