घरचं रक्त

लतिकाच्या लॅबमध्ये एक रीत होती. प्रयोगाला निरोगी माणसाचं रक्त लागलं की बाहेर शोधत हिंडायचं नाही. ज्याचा प्रयोग त्याने स्वतःचं द्यायचं, नाहीतर घरच्या माणसाला बाही वर करून बसवायचं. मिनियापोलिसच्या त्या लॅबमधल्या जवळजवळ प्रत्येकाच्या नवऱ्याने नाहीतर बायकोने कधी ना कधी दंड पुढे केला होता. लतिकाच्या नवऱ्याने, प्रफुल्लने, गेल्या दिवाळीनंतर दिलं, आणि तेही आपणहून. सुई दिसली की पांढरा पडणारा, फ्लूचं इंजेक्शन दरवर्षी चुकवणारा हा माणूस म्हणाला, माझं घे ना. लतिकाला त्याचं केवढं कौतुक वाटलं होतं. ईडन प्रेरी ह्या आपल्या उपनगरातल्या सगळ्या मैत्रिणींना ती सांगत सुटली होती.

लॅबमध्ये काम चालायचं ते हंटिंग्टनच्या आजारावर. वैऱ्यालाही होऊ नये असा आजार. चाळिशीच्या आसपास हातपाय आपोआप नाचायला लागतात, चालताना तोल जातो, मग बुद्धी जाते, स्वभाव जातो, आणि औषध म्हणाल तर काही नाही. एका जनुकात डीएनएची तीच तीन अक्षरं पुन्हापुन्हा येतात. ती सगळ्यांच्यातच येतात, पण काहींच्यात तो तुकडा फार लांब असतो, आणि त्यावरून बनलेल्या प्रथिनाच्या मेंदूत गुठळ्या होतात, नीट न घोटलेल्या पिठल्यात होतात तशा. आईबापांपैकी एकाला असला की पोराला होण्याची शक्यता निम्मी.

जनुक नेमक्या जागी कापणारी नवी कात्री तेव्हा नुकतीच लोकांच्या हाती येत होती. निरोगी पेशीतलं ते जनुक कापायचं, तिथे लांब तुकडा बसवायचा आणि गुठळी कशी धरते ते पहिल्यापासून बघायचं, असा लतिकाचा बेत होता. त्यासाठीच प्रफुल्लच्या रक्तातल्या पेशी वाढवून तिने फ्रीजरमध्ये ठेवल्या.

आता नियम असा की रक्त आलं की आधी त्या तुकड्याची लांबी मोजायची आणि मगच ते निरोगी म्हणायचं. बाकी सगळ्यांचं लतिकाने इमानेइतबारे मोजलं होतं. प्रफुल्लचं नाही मोजलं. घरचंच तर आहे, त्यात काय बघायचं, असं म्हणून बाईसाहेब पुढे गेल्या. कात्री महिनोन्महिने चालेना, पेशी फ्रीजरमध्ये पडून राहिल्या, आणि लांबीचं ती साफ विसरली.

विसरायला कारणही तसंच होतं. लग्नाला सात वर्षं झाली, पण मुलाचा विषय काढला की प्रफुल्लचं काहीतरी निघायचंच. आधी ग्रीन कार्ड येऊ दे, मग घर होऊ दे, मग मार्केट सुधारू दे. तोच प्रफुल्ल ह्या फेब्रुवारीत चहा पिता पिता म्हणाला की आता बाळ होऊ दे. लतिका रडलीच. आता ऑक्टोबर लागला होता आणि तिला सातवा महिना चालू होता.

कात्री ह्याच आठवड्यात चालली. कापण्याआधी मूळ जनुक एकदा बघून घ्यावं म्हणून तिने सोमवारी प्रफुल्लच्या पेशी तपासल्या. तुकड्यांची लांबी दाखवणाऱ्या जेलीच्या थरावर दोन पट्टे आले. एक जिथे असायला हवा तिथे, दुसरा लांब तुकड्याचा. पेशंटच्या पेशी मिसळल्या असणार, ती स्वतःशी म्हणाली, आणि स्वतःच्याच वेंधळेपणाला शिव्या घातल्या. दुसरी कुपी काढली. तेच. मग नवऱ्याचा टूथब्रश पिशवीत घालून लॅबमध्ये नेला. चोरीच की ही, दुसरं काय. शुक्रवारी त्याचाही निकाल आला, पुन्हा तेच दोन पट्टे.

त्याच्या वडिलांबद्दल, म्हणजे नागपूरच्या राजारामकाकांबद्दल, तिला एवढंच माहीत होतं की ते दारूने गेले. झोकांड्या खात चालायचे, हातातला पेला सांडायचे, बायकोवर धावून जायचे. लग्न ठरताना मध्यस्थांनीच हे हळू आवाजात कानावर घातलं होतं, आणि मुलगा निर्व्यसनी आहे ना, मग झालं, म्हणून तिच्या घरच्यांनी सोडून दिलं होतं. लतिका रोज ह्याच आजारावर काम करणारी, पण तिलाही कधी शंका आली नाही. ह्याबद्दल तिला स्वतःचाच संताप आला.

सांगायचं नाही, असं तिने गाडीत ठरवलं. उपाय नाही तर सांगून करायचं काय? अजून दहा वर्षं तो सुखाने जगेल. एवढी दहा वर्षं त्याला द्यायचीच, मग हे एकटीने पोटात ठेवून आपला जन्म जळला तरी चालेल.

शनिवारी दुपारी प्रफुल्ल बाळाचा पाळणा जोडत बसला होता. हॉलभर लाकडी पट्ट्या पसरल्या होत्या. त्याच्या हातून स्क्रू खाली पडला, तशी लतिकाने वळून पाहिलं. स्क्रू कुणाच्याही हातून पडतो, हे तिला कळत होतं. तरी ती त्याच्या बोटांकडेच बघत राहिली.

त्याने मान वर केली आणि हसला. "हात बघतेस ना? मी पण बघायचो. रोज सकाळी, आरशासमोर धरून."

तिने नजर पटकन पट्ट्यांकडे वळवली.

"बाबा दारू प्यायचेच नाहीत, लतिका. आईने उठवलं ते. दारुडा म्हटलं तर निदान पोराचं लग्न तरी होईल म्हणाली." तो खाली बघून स्क्रू शोधत होता. "इथे आलो, तुझं काम ऐकलं, तेव्हा मला कळलं त्यांना काय झालं होतं ते. माझं तपास म्हणायची हिंमतच झाली नाही यार. मग तू एकदा जेवताना बोललीस, की रक्त आलं की तुम्ही आधी ते मोजता. म्हणून दिलं. म्हटलं, असलंच काही तर हिच्या तोंडावर दिसेल."

स्क्रू सापडला. त्याने तो पट्टीत बसवला.

"तीन महिने तुझं तोंड बघत होतो. तू आपली मजेत. तेव्हा म्हटलं, सुटलो. आणि मगच तुला म्हणालो, बाळ होऊ दे." त्याचे डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांत तिने त्याला एवढं मोकळं कधी पाहिलं नव्हतं. "थँक यू म्हणायचं राहिलं होतं. तू बघितलं होतंस ना तेव्हा?"

खोटं बोलायला एक शब्द पुरला असता. तो तिच्या ओठांवर आलाही होता. पण पोटात बाळ फिरलं, आणि हा शब्द आता ह्या एकट्यापुरता राहिलेला नाही हे तिला कळलं. तिचा हात पोटावर गेला आणि तिथेच राहिला.

"काल बघितलं," लतिका म्हणाली.

प्रफुल्लने तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिच्या पोटाकडे. स्क्रूड्रायव्हर त्याने अगदी हळू, आवाज न होऊ देता, खाली ठेवला.